घरसजावटीतल्या चुका टाळायच्या असतील, तर निर्णयांचा क्रम आधी ठरवा

घर सजवून झाल्यावर मनासारखे दिसले नाही, की आपण त्याचे खापर सहसा आपल्या आवडीनिवडीवर फोडतो. प्रत्यक्षात अशा घरातली एकेक वस्तू वेगळी काढून पाहिली, तर ती चांगलीच असते. बिघडलेला असतो तो निर्णयांचा क्रम. भिंतीचा रंग आधी ठरतो आणि दिवे नंतर बसतात, सोफा घरी येतो आणि त्याच्यासाठी जागा मागाहून शोधली जाते, पडद्याचे कापड आवडले म्हणून घेतले जाते आणि ते अपुरे असल्याचे दांडीवर चढवल्यावर कळते. म्हणून या लेखात कामे ज्या क्रमाने हाती घ्यावीत त्याच क्रमाने मांडली आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर नेमके काय चुकते, तेही तिथेच सांगितले आहे. लेखातली मापे प्रौढ माणसाच्या शरीरमानावर आणि वावरावर आधारलेली असून सर्वसाधारणपणे वापरली जातात. त्यांत थोडे कमीजास्त चालते, पण ती मुळीच विचारात न घेणे महागात पडते.

पहिली पायरी : खोलीत काय घडते ते लिहून काढा

कागद घेऊन प्रत्येक खोलीत दिवसभर कोण काय करते, हे साध्या शब्दांत लिहावे. वाचन, अभ्यास, जेवण, पाहुण्यांची बैठक, मुलांचा खेळ, कपड्यांच्या घड्या, दुपारची विश्रांती, असे जे प्रत्यक्ष घडते तेच या यादीत यावे. जे घडावेसे वाटते ते वेगळे लिहावे. छायाचित्रांतल्या सुंदर खोल्या पाहून सजावट करणाऱ्यांची फसगत इथेच होते. त्या खोल्यांत चष्मा ठेवायला, चार्जर लावायला किंवा रोजची पिशवी टांगायला जागा नसते, कारण छायाचित्रात कोणी राहत नसते. घरात सतत पसारा दिसतो, अशी तक्रार असेल तर पसरणाऱ्या वस्तू कोणत्या आणि त्या कुठे येऊन साचतात हे आठवडाभर पाहावे. त्या जिथे साचतात तिथेच त्यांच्यासाठी खण, खुंटी किंवा टोपली असावी. लांबच्या खोलीत मोठे कपाट करून हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी पायरी : मोजा, आणि सगळे मोजा

खोलीची लांबी-रुंदी बहुतेक जण मोजतात. खिडकीची जमिनीपासूनची उंची, दाराचा पल्ला उघडताना अडवतो ती जागा, स्विचबोर्डांची ठिकाणे, छताखालच्या तुळया आणि भिंतीतून बाहेर आलेले खांब मात्र राहून जातात. ही सगळी मापे एका नकाशावर घ्यावीत. चौकटीच्या कागदावर १ मीटरला ५ सेंटीमीटर असे प्रमाण धरले, तर साधारण खोली एका पानावर नीट मावते. जुन्या इमारतींत समोरासमोरच्या भिंती तंतोतंत समांतर असतीलच असे नाही. म्हणून भिंतीतले कपाट करून घ्यायचे असेल, तर तिथली रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजून सर्वांत कमी भरेल ती प्रमाण मानावी.

घरात वस्तू येण्याचा मार्गही मोजावा. मुख्य दार, जिन्याचे वळण, लिफ्टची उंची आणि खोली, आतल्या बोळाची रुंदी ही मापे नसतील, तर दारापर्यंत आलेला सोफा आत जात नाही, असा प्रसंग ओढवू शकतो.

तिसरी पायरी : फर्निचर आधी जमिनीवर आखा

सगळ्यांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, असे माझे ठाम मत आहे, कारण पुढचे सगळे निर्णय, म्हणजे दिवे, प्लग, गालिचा आणि भिंतीवरची चित्रे, फर्निचरच्या जागेवर अवलंबून असतात. घ्यायच्या वस्तूची मापे मिळवून तिची बाह्यरेषा रंगाऱ्याच्या कागदी चिकटपट्टीने फरशीवर आखावी किंवा तेवढ्या आकाराची वर्तमानपत्रे जोडून पसरावीत. मग दोन-तीन दिवस त्या आखणीभोवती वावरावे. दुकानातले छत उंच आणि दालन मोठे असते, त्यामुळे तिथे नेटका वाटलेला सोफा घरात अवाढव्य ठरतो. हा अंदाज डोळ्याने येत नाही. चालताना पाय अडखळले की मगच येतो.

आखणी करताना काही अंतरे सांभाळावीत. ज्या वाटेने घरातले लोक सतत ये-जा करतात ती सुमारे ९० सेंटीमीटर रुंद असावी. क्वचित वापरली जाणारी वाट ६० ते ७५ सेंटीमीटरची चालते. सोफा आणि त्यासमोरचे मेज यांत ४० ते ४५ सेंटीमीटर ठेवले, म्हणजे पाय सुटे राहतात आणि पेलाही हाताच्या अंतरावर राहतो. हे मेज सोफ्याच्या बैठकीइतके किंवा त्याहून किंचित कमी उंचीचे असावे. जेवणाच्या टेबलाशी प्रत्येक माणसाला सुमारे ६० सेंटीमीटर कड लागते आणि खुर्ची मागे सरकवून उठण्यासाठी टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत ९० सेंटीमीटर लागतात. बसलेल्या माणसाच्या पाठीमागून कोणाला जायचे असेल, तर हे अंतर ११० ते १२० पर्यंत न्यावे. पलंगाच्या ज्या बाजूने उतरायचे तिथे निदान ६० सेंटीमीटर मोकळे असावेत. बिजागरीच्या कपाटासमोर पल्ल्याची रुंदी अधिक उभे राहायला जागा, असा हिशेब करावा. तेवढी जागा नसेल तर सरकत्या दारांचे कपाट घ्यावे.

या टप्प्यावरची एक सर्रास दिसणारी चूक म्हणजे सगळे फर्निचर भिंतींना चिकटवून मध्यभाग मोकळा सोडणे. त्याने खोली मोठी दिसेल असे वाटते, पण मोठ्या खोलीत समोरासमोर बसलेल्या माणसांना आवाज चढवून बोलावे लागते आणि मधली जागा कोणाच्याच कामाची राहत नाही. बैठका एकमेकींपासून दोन ते अडीच मीटरच्या आत आणाव्यात. सोफा भिंतीपासून थोडा पुढे आला तरी बिघडत नाही. लहान खोलीत मात्र फर्निचर भिंतीलगतच ठेवावे लागते. तिथे संख्या कमी करणे हाच उपाय आहे. अनेक छोट्या वस्तूंनी लहान खोली गजबजलेली दिसते, त्यापेक्षा मोजक्या आणि बऱ्यापैकी मोठ्या वस्तू तिला जास्त शोभतात.

संपूर्ण संच एकाच वेळी विकत घेण्याचा मोहही टाळावा. सोफा, मेज, टीव्हीचे कपाट आणि खुर्च्या एकाच लाकडाच्या आणि एकाच घडणीच्या असल्या, की खोलीला दुकानातल्या दालनाची कळा येते. शिवाय एक वस्तू बदलायची झाली तर सगळाच संच विजोड होतो. पलंग, गादी, कामाची खुर्ची आणि सोफा यांवर खर्च करावा, कारण शरीराचा भार रोज त्यांच्यावर पडतो. बाकीचे हळूहळू जमवता येते.

चौथी पायरी : प्रकाश आणि विजेची ठिकाणे

फर्निचरची जागा पक्की झाली की लगेच दिवे आणि प्लग ठरवावेत, कारण वायरिंगसाठी भिंती फोडायच्या तर त्या रंगकामाच्या आधीच फोडाव्या लागतात. छताच्या मध्यावर एकच प्रखर दिवा लावून काम भागवणे ही प्रकाशाच्या बाबतीतली सर्वांत मोठी चूक होय. असा दिवा चेहऱ्यावर डोळ्यांखाली सावल्या पाडतो, वाचणाऱ्याच्या पुस्तकावर त्याचीच सावली आणतो आणि खोलीचे कोपरे अंधारेच ठेवतो. प्रत्येक खोलीत तीन प्रकारचा प्रकाश असावा : वावरण्यापुरता सर्वसाधारण उजेड, वाचन किंवा चिरण्या-कापण्यासारख्या कामावर नेमका पडणारा उजेड, आणि चित्र, कोनाडा किंवा झाड यांच्याकडे लक्ष वेधणारा सौम्य उजेड. हे तिन्ही वेगवेगळ्या बटणांवर असावेत, म्हणजे वेळेनुसार खोलीचा रंगढंग बदलता येतो.

बल्ब घेताना वेष्टनावरच्या तीन गोष्टी वाचाव्यात. वॉटवरून फक्त विजेचा वापर कळतो, उजेड किती ते लुमेनवरून कळते. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये दिलेली असते : २७०० ते ३००० केल्विन म्हणजे उबदार पिवळसर, ४००० च्या आसपास तटस्थ पांढरा आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बैठकीच्या आणि झोपण्याच्या खोलीत पिवळसर छटा विसावा देते. स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा अभ्यासाच्या टेबलावर तटस्थ पांढरी चालते. एकाच खोलीत दोन-तीन छटांचे दिवे मिसळले, की भिंत एका बाजूला पिवळट आणि दुसऱ्या बाजूला निळसर दिसू लागते. तिसरी गोष्ट म्हणजे सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे तो अंक सांगतो आणि त्याची कमाल मर्यादा १०० असते. कपडे, चित्रे आणि चेहरे जिथे पाहायचे तिथे ९० किंवा त्याहून अधिक सीआरआयचा दिवा घ्यावा. उजेड कमीजास्त करणारे बटण लावायचे असेल, तर त्यासोबत चालणारे एलईडी दिवेच घ्यावेत. अन्यथा ते लुकलुकतात.

जेवणाच्या टेबलावरचा लोंबता दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून ७५ ते ९० सेंटीमीटर उंचीवर असावा, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही आणि दिवा डोळ्यांतही खुपत नाही. आरशाशी दिवा वर लावण्याऐवजी दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर लावला, तर सावल्या नाहीशा होतात. प्लग कुठे हवेत ते तिसऱ्या पायरीतल्या आखणीवरून ठरवावे. पलंगाच्या दोन्ही बाजू, सोफ्याची कड आणि टेबलाखालची जागा हमखास विसरली जाते आणि मग खोलीभर वायरी लोळत राहतात.

पाचवी पायरी : भिंतीचे आजारपण आधी बरे करा

ओलीचे डाग, पोपडे, भिंतीवर फुलून आलेले पांढरे क्षार किंवा कोंदट वास यांपैकी काही आढळले, तर रंगाचा विचार तिथेच थांबवावा. ओलीचे कारण गळणारी नळी, बाहेरच्या भिंतीतली भेग, छतावर तुंबलेले पाणी किंवा खोलीत कोंडलेली दमट हवा यांपैकी काय आहे ते शोधून दूर करावे आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग दिला तरी आतला ओलावा त्याला फुगवून बाहेर ढकलतो. नव्या गिलाव्यालाही वाळायला काही आठवडे द्यावे लागतात. बाहेरच्या भिंतीलगत मोठे कपाट ठेवायचे असल्यास मागे काही सेंटीमीटर हवा खेळती ठेवावी, नाहीतर तिथे बुरशी धरते. घरात लहान मुले असतील तर उंच कपाटे आणि मांडण्या भिंतीला पट्टीने पक्क्या बांधाव्यात. सजावटीच्या लेखांतून ही गोष्ट सहसा निसटते, पण तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही.

सहावी पायरी : कापड आणि गालिचा, रंगाच्या आधी

भिंतीचा रंग हजारो छटांत तयार करून मिळतो. मनाजोगते पडद्याचे कापड आणि योग्य मापाचा गालिचा मात्र मोजकेच सापडतात. म्हणून जे दुर्मीळ ते आधी निवडावे आणि जे मुबलक ते त्याला जुळवून घ्यावे. सोफ्याचे कापड निवडताना घासण्याच्या चाचणीचा मार्टिनडेल आकडा विचारावा. रोजच्या घरगुती वापराला साधारण १५,००० ते २५,००० फेऱ्यांचे कापड पुरते. मुले किंवा पाळीव प्राणी असल्यास त्याहून वरचे घ्यावे. ज्या कापडावर रोज ऊन पडणार आहे त्याचा गडद रंग विटणार, हे गृहीत धरूनच त्याची निवड करावी.

पडद्यांत दोन चुका फार दिसतात : दांडी नेमकी खिडकीच्या चौकटीएवढी ठेवणे आणि कापडात काटकसर करणे. दांडी चौकटीच्या वर निदान १० ते १५ सेंटीमीटर आणि दोन्ही बाजूंना १५ ते २५ सेंटीमीटर पुढे असावी, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर न राहता भिंतीवर जातो, उजेड पूर्ण आत येतो आणि खिडकी मोठी दिसते. कापडाची एकूण रुंदी दांडीच्या लांबीच्या दुप्पट ते अडीचपट घ्यावी. त्याहून कमी घेतली तर बंद पडदा ताणलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो. लांब पडदा फरशीला टेकलेला किंवा तिच्यापासून जेमतेम १ सेंटीमीटर वर असावा. सुती आणि लिननचे कापड धुतल्यावर आटते, म्हणून शिवण्यापूर्वी ते एकदा धुऊन घ्यावे.

गालिच्याच्या बाबतीत चूक बहुधा एकाच दिशेने होते : तो लहान पडतो. खोलीच्या मध्यावर एकट्या पडलेल्या छोट्या गालिच्यामुळे सगळे फर्निचर विखुरलेले वाटते. निदान सोफ्याचे आणि खुर्च्यांचे पुढचे पाय गालिच्यावर यावेत. जेवणाच्या टेबलाखाली तो कडेपासून चारही बाजूंना ६० सेंटीमीटर पुढे असावा, नाहीतर मागे सरकवलेल्या खुर्चीचे पाय त्याच्या काठात अडकतात.

सातवी पायरी : रंग

आता कापडाचा तुकडा, फरशीचा नमुना आणि बसवलेले दिवे हाताशी आहेत, तेव्हा रंग निवडायला खरी सुरुवात करता येते. रंगपत्रिकेतला छोटा चौकोन पाहून रंग ठरवू नये. मोठ्या पृष्ठभागावर तोच रंग अधिक गडद आणि भडक वाटतो, कारण चारही भिंती एकमेकींवर तोच रंग परावर्तित करतात. निदान ३० सेंटीमीटर लांब-रुंद पुठ्ठ्यावर कडेपर्यंत दोन हात द्यावेत, ते वाळू द्यावेत आणि तो पुठ्ठा वेगवेगळ्या भिंतींवर, कोपऱ्यात आणि सोफ्याच्या कापडाशेजारी धरून सकाळी, दुपारी आणि रात्री आपल्याच दिव्यांखाली पाहावा. जुन्या रंगाच्या भिंतीवर थेट नमुना लावला तर भोवतीचा जुना रंग डोळ्यांची दिशाभूल करतो.

ही दिशाभूल काल्पनिक नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शव्हरल पॅरिसच्या गोबलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असताना तिथल्या काळ्या धाग्यांचा रंग फिका दिसतो, अशी तक्रार होती. धाग्यांची तपासणी केल्यावर त्यांना रंगात दोष सापडला नाही. काळ्याशेजारी विणलेल्या इतर रंगांमुळे तो निस्तेज भासत होता. शेजारचे रंग एकमेकांचे रूप कसे बदलतात, यावरचा आपला अभ्यास त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केला. घरासाठी त्याचा अर्थ सरळ आहे : करडी भिंत लालसर फरशीशेजारी हिरवट वाटू शकते आणि निळ्या सोफ्यामागे तीच उबदार वाटू शकते. त्यामुळे दुसऱ्याच्या घरात आवडलेल्या रंगाचा क्रमांक विचारून तोच लावणे धोक्याचे असते.

खोलीला मिळणारा नैसर्गिक उजेडही विचारात घ्यावा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा उजेड थंड आणि निळसर असतो. तिथे करड्या-निळ्या छटा उदास होतात आणि किंचित पिवळसर किंवा गुलाबी झाक असलेल्या छटा खुलतात. दक्षिण गोलार्धात हे दिशेने उलटे होते. अंधाऱ्या खोलीला पांढरा रंग दिला की ती उजळेल ही समजूत मला सर्वांत फसवी वाटते. पांढरा रंग उजेड परत फेकतो, निर्माण करत नाही. जिथे उजेडच पोचत नाही तिथे तो मळकट करडा दिसतो. अशा खोलीला मध्यम गडद आणि उबदार रंग देऊन चांगले दिवे लावणे अधिक प्रामाणिक ठरते.

चकाकीची निवडही रंगाइतकीच महत्त्वाची आहे. मॅट पृष्ठभाग भिंतीचे उंचसखलपण झाकतो, पण घासून पुसल्यास त्यावर खुणा उमटतात. तकतकीत पृष्ठभाग धुता येतो, पण लांबी (पुट्टी) भरताना राहिलेला प्रत्येक उंचवटा दाखवतो. मुलांच्या उंचीपर्यंतच्या भिंती आणि बोळ यांना मधल्या चकाकीचा, धुता येणारा रंग सोयीचा पडतो. रंगसंगतीसाठी साठ-तीस-दहा हे प्रमाण सांगितले जाते : खोलीत सुमारे ६० टक्के मुख्य रंग, ३० टक्के दुय्यम आणि १० टक्के उठावदार. सुरुवातीला ते आधार म्हणून बरे आहे. लाकूड, फरशी आणि पुस्तकेही रंगच असतात हे मात्र ते वापरताना लक्षात ठेवावे. एका खोलीसाठी लागणारे डबे एकाच बॅचचे घ्यावेत आणि ते मोठ्या बादलीत एकत्र मिसळून मगच भिंतीवर चढवावेत. रंगकाम चालू असताना आणि नंतरचे काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आठवी पायरी : भिंतीवरच्या आणि मांडणीतल्या वस्तू

चित्रे जवळजवळ सगळीकडे गरजेपेक्षा उंच लावलेली आढळतात. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या आसपास असावा. सोफ्यावर चित्र लावताना मात्र पाठीच्या कडेपासून १५ ते २० सेंटीमीटर वर चौकट सुरू करावी आणि चित्राची किंवा चित्रसमूहाची रुंदी सोफ्याच्या सुमारे दोन तृतीयांश ठेवावी. अनेक चित्रे एकत्र लावायची असतील, तर त्यांच्या आकाराचे कागद कापून आधी भिंतीवर चिकटवावेत, चौकटींत ५ ते ८ सेंटीमीटर अंतर राखावे आणि रचना पटल्यावरच खिळे ठोकावेत. आरसा लावण्यापूर्वी त्यात काय दिसणार आहे ते पाहावे. खिडकी किंवा चित्र दिसत असेल तर उत्तम, कपड्यांचा ढीग दिसत असेल तर जागा बदलावी.

मांडणीचे सगळे खण पहिल्याच दिवशी भरू नयेत. एक तृतीयांश जागा मोकळी ठेवली तर ठेवलेल्या वस्तू नीट दिसतात आणि पुढे येणाऱ्या पुस्तकांना जागा उरते. उशा, मेणबत्त्या, फुलदाण्या यांची खरेदी सर्वांत शेवटी आणि सावकाश करावी. राहायला लागल्यावर दोन-तीन महिन्यांत काय कमी आहे ते आपोआप कळते आणि पुष्कळदा काहीच कमी नसल्याचे लक्षात येते.

काम आटोपल्यावर प्रत्येक भिंतीच्या रंगाचे नाव, क्रमांक, चकाकीचा प्रकार आणि बॅच एका वहीत लिहून ठेवावे, सोबत कापडाचे तुकडे आणि खोलीची मापे जोडावीत. उरलेला रंग छोट्या बरणीत काठोकाठ भरून घट्ट बंद करावा आणि वर खोलीचे नाव व तारीख लिहावी. काठोकाठ भरल्याने आत हवा कमी राहते आणि रंग लवकर साय धरत नाही, त्यामुळे पुढे एखादा ओरखडा झाकायचा झाल्यास तोच रंग हाताशी राहतो.